खेळाचा तास कापू नका
(पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



आज बक्षिसे वाटण्याचा दिवस आहे. जिंकलेल्या मुलामुलींचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु मला बोलायचे आहे ते ज्यांना एकही बक्षीस मिळाले नाही त्या मुलांविषयी; कारण प्राथमिक शाळेतील शारीरिक शिक्षणाचा तास मुख्यतः त्यांच्यासाठी असतो.

आधी माझा स्वतःचा कसूर कबूल करतो. मी बरीच वर्षे प्राथमिक शिक्षक होतो. शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली की पहिल्यांदा खेळाचा तास कापून तेथे गणित घेत असे. त्यावर पालकही खूष असत. एरवी मुलांच्या हाती चेंडू देऊन मी झाडाखाली वह्या तपासत बसे. चौथीतील एक मुलगी नेहमी भिंतीपाशी बसून इतरांच्या चपला सांभाळी. ती अशक्त असावी, असे मी धरून चाललो होतो. एके दिवशी तिची आई शाळेत आली असता मी मुलीच्या प्रकृतीची चौकशी केली. त्या माउलीने आश्चर्याने सांगितले, "सर, ती तर रोज सकाळी बोअरिंगवरून चार गुंड पाणी आणते." मुलगी अशक्त नव्हती. तिला खेळायला कोणी बोलावलेच नव्हते, आणि बोलावण्याचे काम माझे होते.

तुम्ही म्हणाल, मुले काय, शाळा सुटल्यावर खेळतातच. पूर्वी खेळत होती. आता आपल्या भागाची परिस्थिती पाहा. ताडोबाच्या आसपासच्या आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलकडील गावांत वाघाच्या भीतीने पोर सांजवेळी गावाबाहेर सोडवत नाही. कोळशाच्या पट्ट्यात रस्त्यावर ट्रकची रहदारी असते. मुलगी पाचवीत गेली की तिचे गल्लीत खेळणे आपणच बंद करतो. म्हणजे शाळेचे मैदान ही अनेक मुलांना मोकळेपणाने धावण्याची एकमेव जागा उरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी अंगमेहनतीची हालचाल करावी. आपण शाळेतला तोही तास काढून घेतला, तर ही मिनिटे यावीत कोठून?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात क्रीडांगण आणि प्रत्येक वर्गाला गरजेनुसार खेळसाहित्य सांगितलेले आहे. शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक मात्र सहावी ते आठवीसाठी, तोही पट शंभरावर असल्यास, नमूद आहे. खालच्या वर्गांचा भार म्हणून वर्गशिक्षकावरच येतो. त्याला हा तास मोकळा सोडण्याचा मोह होतो, तो मी जाणतो. पण तास नीट घेणे अवघड नाही. पाच मिनिटे अंग मोकळे करणे, दहा मिनिटे एखादे कौशल्य, पंधरा मिनिटे खेळ आणि शेवटी पाच मिनिटे श्वास शांत करणे, एवढे पुरे. फक्त एक पथ्य पाळावे. लंगडीत किंवा आट्यापाट्यांत जे मूल कमजोर, तेच आधी बाद होते आणि उरलेला वेळ बसून राहते. ज्याला सरावाची गरज अधिक, त्यालाच सराव कमी. यासाठी बाद झालेल्याने बाजूला दहा उड्या मारून पुन्हा खेळात यावे, असा नियम करावा.

आपल्या जिल्ह्यांतील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. म्हणून फेब्रुवारी संपला की हा तास सकाळी पहिला घ्यावा. रमजानमध्ये रोजा धरणाऱ्या मुलांना हलके व्यायाम द्यावेत. या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. अशा मुलाला धाप लागेपर्यंत पळवू नये, त्याला वरचेवर पाणी पाजावे, थंडीपावसात गारठू देऊ नये. मात्र त्याला कायमचे भिंतीपाशीही बसवू नये. डॉक्टरांना विचारून झेपेल तेवढे खेळू द्यावे. आजाराची माहिती पालकांनी शाळेपासून लपवू नये, हे ओघानेच आले.

आता मुलींविषयी. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (र.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचे हदीसमध्ये आले आहे, आणि पहिल्या खेपेस हजरत आयेशा जिंकल्या होत्या. मग आपल्या आठ-दहा वर्षांच्या लेकीच्या धावण्याने कोणती मर्यादा मोडते? सलवार-कमीज आणि नीट बांधलेली ओढणी घालून खो-खो खेळता येतो. मैदान रस्त्यावरून दिसत असेल तर आडोसा करावा, महिला शिक्षिका नेमावी. शेजारच्या तेलंगणातील निजामाबादची निखत झरीन २०२२ आणि २०२३ मध्ये मुष्टियुद्धात जगज्जेती झाली. तिला रिंगणाची वाट दाखविली ती तिच्या वडिलांनी.

आणखी जवळचे उदाहरण घ्या. २०१८ च्या मे महिन्यात आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट शिखर सर केले. त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. गरीब घरची, रानावनात वाढलेली ही मुले. कोणीतरी त्यांच्या अंगचे बळ ओळखले आणि महिनोन्‌महिने शिकविले, म्हणून ती तेथवर पोहोचली.

शिक्षकांसाठीही एक नाव सांगतो. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे शाळामास्तर होते. त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय फुटबॉल संघाने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक पटकावले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळविला. खेळ शिकविणे हे मास्तरकीतले दुय्यम काम नव्हे, याला याहून मोठा दाखला कोणता हवा?

पालकांना माझी विनंती एवढीच. पुढल्या सभेत गुणांबरोबर हेही विचारा की, या आठवड्यात खेळाचे तास किती झाले आणि माझे मूल त्यांत खेळले की बसून राहिले? परीक्षेसाठी हा तास कापा, असे शिक्षकांना कृपा करून सांगू नका. माझ्यासारखा शिक्षक तुमचे लगेच ऐकतो.

आणि मुलांनो, उद्या मैदानावर गेलात की आधी भिंतीकडे पाहा. तेथे कोणी चपला सांभाळीत बसले असेल, तर त्याला हात धरून आत घ्या. चपलांना राखण लागत नाही.