जबानीतली बोली



आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे शिकलो ते कामगारांचे अर्ज आणि जबान्या लिहिता-वाचता शिकलो. त्याच आधारावर आज चार शब्द बोलणार आहोत.

आपला जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीचे दप्तर उर्दूत चाले आणि रयत बोले मराठी. आपले म्हणणे कागदावर काय उतरले, हे बहुतेकांना दुसऱ्याच्या तोंडून कळावयाचे. पुढे 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले, 1964 चा राजभाषा अधिनियम आला. दप्तर मराठीत आले, ही फार मोठी गोष्ट झाली. पण आली ती पुस्तकी मराठी. कळंब, भूम, परंड्याच्या माणसाची बोली कचेरीच्या उंबऱ्याबाहेरच राहिली.

हा प्रश्न नुसत्या मानापमानाचा नाही, भाकरीचा आहे. समजा, एका हमालावर कामचुकारपणाचा आरोप आहे. चौकशीत तो सांगतो, "सायेब आले तवा मी माल उतरूलालतो." आपणां सर्वांस अर्थ ठाऊक आहे: साहेब आले तेव्हा काम चालूच होते. पण बाहेरगावच्या कारकुनाच्या कानाला ते 'लागलो' वाटते. तो शुद्ध करून लिहितो, "साहेब आल्यावर मी माल उतरू लागलो." झाले! बचावाची कबुली झाली. कारकुनाच्या मनात कपट नसते. पण हमालाची नोकरी जाते.

स्थायी आदेशांविषयी 1946 चा कायदा होता. हे आदेश इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत फलकावर लावावेत, असे त्यात सांगितले होते. नियम कामगारास समजला पाहिजे, हे कायद्याने मानले. मग कामगाराचे म्हणणे चौकशी करणारास समजले पाहिजे, हेही ओघाने आलेच.

कोणी विचारील, मग हुकूम आणि हिशेबही बोलीत लिहावयाचे काय? नाही. परंड्याचा कागद नागपुरासही वाचता आला पाहिजे. त्यासाठी प्रमाण मराठी हवीच, आणि कामगारानेही ती शिकावी. आमचे मागणे एवढेच की, जबानी बोलणाराच्याच शब्दांत लिहावी, त्याला वाचून दाखवावी आणि मगच सही किंवा अंगठा घ्यावा. रांगडी बोली ऐकून कोणास उद्धट ठरवू नये.

या सभेत कचेरीत, बँकेत, दवाखान्यात काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांना आमची विनंती आहे: समोरच्याचे वाक्य सुधारण्याआधी त्याला त्याचा अर्थ विचारा.