हुशार मुलाचे खेळगडी

काही महिन्यांपूर्वी माझ्या परिचयाचे एक दांपत्य आपल्या सहा वर्षांच्या मुलाविषयी बोलावयास आले. मुलगा चौथ्या वर्षीच वाचू लागला होता. रेल्वेचे वेळापत्रक हा त्याचा आवडता ग्रंथ. कोणती गाडी कोठून सुटते आणि कोठे किती थांबते, हे तो घडाघडा सांगे. घरी आल्यागेल्यांना त्याचे कोण कौतुक! परंतु शाळेतून निराळेच वर्तमान येत होते. मधल्या सुट्टीत हा मुलगा भिंतीला टेकून एकटाच उभा असे. खेळावयास गेलाच तर पाच मिनिटांत भांडण होई. अलीकडे तर शाळेची वेळ झाली की त्याच्या पोटात दुखू लागे. आई म्हणाली, "थोडा कमी हुशार असता तरी चाललं असतं हो, पण कुणीतरी त्याला खेळायला बोलवायला हवं होतं."

श्रोतेहो, ज्याला गणित समजते त्याला माणसेही आपोआप समजावीत, अशी आपली एक भाबडी समजूत असते. वस्तुतः या दोन विद्या निरनिराळ्या आहेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लीटा हॉलिंगवर्थ यांनी असामान्य बुद्धीच्या मुलांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांचा यासंबंधीचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९४२ साली प्रसिद्ध झाला. बऱ्यापैकी हुशार मुले सोबत्यांत चांगली रमतात, पुष्कळदा त्यांचे पुढारीपणही करतात; परंतु बुद्धी फारच पुढे धावू लागली की सवंगडी मिळणे कठीण होते, आणि ही अडचण बालवयात विशेष जाणवते, असे त्यांना आढळले.

याचे कारण उघड आहे. सहा वर्षांच्या अशा मुलाच्या डोक्यात दहा वर्षांच्या मुलाचा खेळ असतो. राग, भीती आणि रडू मात्र सहा वर्षांचेच असते. समवयस्कांना त्याचे गुंतागुंतीचे नियम कळत नाहीत. दहा वर्षांची मुले त्याला घेतात, पण लिंबूटिंबू म्हणून! ज्याच्यावर कधी राज्यच येत नाही, त्याला खेळाची गोडी कशी लागणार?

तथापि, प्रत्येक गोष्ट बुद्धीच्या माथी मारणेही बरे नव्हे. काही मुले स्वभावतःच एकांतप्रिय असतात. त्यांना एक मित्र पुरतो, आणि त्यांना बळेच घोळक्यात ढकलण्याचे काही प्रयोजन नाही. उलट, एखाद्या मुलाला समोरच्याच्या चेहऱ्यावरील भाव उमगत नसतील, घंटेचा किंवा गलक्याचा आवाज असह्य होत असेल, ठरलेल्या क्रमात जरा बदल होताच तो अतिशय अस्वस्थ होत असेल, तर जाणकार वैद्याचा सल्ला अवश्य घ्यावा. तीव्र बुद्धी आणि स्वमग्नता एकाच मुलात असू शकतात. कानांची आणि डोळ्यांची तपासणी तर सर्वप्रथम करावी. ऐकू कमी येणारे मूल पुष्कळदा घुमे ठरविले जाते. आणि मुलाला कोणी छळत नाही ना, हेही शांतपणे विचारून घ्यावे. सगळीच पोटदुखी बहाण्याची नसते.

आता उपायांकडे वळू. चालू असलेल्या खेळात शिरणे ही एक कला आहे, आणि ती शिकविता येते. मुले दुसऱ्यांच्या खेळात प्रवेश कसा मिळवितात, याचा एक अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. जी मुले येताच स्वतःविषयी बोलू लागत, प्रश्न विचारीत किंवा इतरांच्या चुका काढीत, त्यांना सोबती टाळीत; जी मुले काय चालले आहे ते पाहून त्याला जुळेल असे काही करीत, ती सहज सामावून जात. आपला हुशार मुलगा नेमका पहिला मार्ग धरतो! लगोरी रचणाऱ्या मुलांपाशी जाऊन तो म्हणतो, "हे चुकीचं आहे, असं नसतं खेळायचं." त्याचे म्हणणे बहुधा बरोबरही असते, दुर्दैव ते तेथेच. त्याला घरी सांगावे, की आधी थोडा वेळ नुसते पाहा, मग लांब गेलेला चेंडू आणून दे, आणि नियमांची चर्चा उद्यासाठी ठेव. आईबापांनी स्वतः खोटे खोटे भिडू होऊन हे नाटक दोनचार वेळा करून पाहावे.

दुसरी गोष्ट हरण्याची. ज्याची उत्तरे नेहमी बरोबर येतात, त्याला हरण्याचा सराव नसतो. यासाठी सापशिडीसारखा खेळ नाही. तेथे बुद्धीचे काहीएक चालत नाही, आणि अठ्ठ्याण्णवावरचा साप पंडितालाही गिळतो. वडिलांनी मात्र मुलाला मुद्दाम जिंकू देऊ नये. स्वतः हसतमुखाने हरून दाखवावे.

शिक्षकांना एक विनंती आहे. "पाहा, याला येतं, तुम्हांला का येत नाही?" या एका वाक्याने मुलाचे वर्गातील सगळे मित्र एका दिवसात जातात. त्याला चिमुकला मास्तर करून इतरांच्या पाट्या तपासावयास देणे हेही तसेच. त्यापेक्षा दोघातिघांनी मिळून करावयाचे काम त्याच्याकडे द्यावे: झाडांना पाणी घालणे, फळा पुसणे, पाहुण्यांसाठी सतरंजी अंथरणे. माँटेसरीबाईंच्या पद्धतीत तीन ते सहा वर्षांची मुले एकाच वर्गात बसतात. वयाच्या भिंती अशा थोड्या ठेंगण्या झाल्या, तर पुढे गेलेल्या मुलाला सोबत मिळणे सुलभ होते.

आमच्या या मुलाच्या बाबतीत आम्ही वाढदिवसाचे मोठे थोरले आमंत्रण रद्द केले आणि एकच मुलगा घरी बोलाविला. तो नऊ वर्षांचा, अभ्यासात यथातथाच, पण काड्यापेट्यांच्या आगगाड्या करण्यात तरबेज. वेळ ठरविली एक तासाची, काम ठरविले पूल बांधण्याचे. पहिल्या दिवशी वाद झालाच. दुसऱ्या आठवड्यात तो मुलगा आपण होऊन आला, तिसऱ्या आठवड्यात धाकट्या भावाला घेऊन आला. पोटदुखी अद्याप पुरती गेलेली नाही. सोमवारी ती हटकून येते.

परवा मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा अंगणात लपंडाव रंगला होता आणि राज्य याच्यावर होते. शंभर आकडे म्हणावयाचे, तर हा दहा, वीस, तीस करीत क्षणात शंभरापर्यंत पोहोचला. चोहोंकडून एकच ओरडा झाला. त्याने वाद घालण्यासाठी तोंड उघडले, जरा थांबला, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून एकापासून मोजू लागला.