एका फेरीची धाव : कॅथी फ्रीमन



चारशे मीटर म्हणजे मैदानाची एक फेरी. ऐकायला सोपे वाटते. परंतु शंभर मीटरचा वेग पूर्ण फेरीभर कोणालाही टिकवता येत नाही. शेवटच्या टप्प्यात सगळ्यांचाच वेग घटतो. ज्याचा कमी घटतो तो जिंकतो. मुलांनो, शाळेच्या मैदानावर एकदा धावून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

या शर्यतीतील कॅथी फ्रीमन ही ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासी समाजातील. जन्म १९७३ चा, क्वीन्सलंडमधील मकाय येथील. तिच्या आजीला लहानपणीच आईवडिलांपासून तोडून नेण्यात आले होते. आदिवासी मुलांना गोऱ्यांच्या रीतीने वाढवायचे, असे तेथील सरकारी धोरणच होते. अशी हजारो मुले घरातून नेली गेली.

१९९० साली ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, वयाच्या सोळाव्या वर्षी, तिने रिलेचे सुवर्णपदक मिळवले. १९९४ साली कॅनडातील व्हिक्टोरिया येथे चारशे मीटर जिंकल्यावर तिने देशाच्या ध्वजाबरोबर आपल्या समाजाचा काळा, लाल, पिवळा ध्वजही मिरवला. पथकप्रमुखांनी जाहीर समज दिली. काही दिवसांनी ती दोनशे मीटरही जिंकली आणि पुन्हा तोच ध्वज घेऊन धावली! एकवीस वर्षांची मुलगी ही. पदकापेक्षा मला हे धाडस मोठे वाटते.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या मारी-जोझे पेरेकने तिला मागे टाकले. गंमत अशी की, त्या दिवशीची ४८.६३ सेकंद ही कॅथीची आयुष्यातील सर्वोत्तम वेळ. आणि पदक मिळाले ते रौप्य. पुढे १९९७ व १९९९ साली ती जागतिक विजेती झाली.

मग सिडनी. १५ सप्टेंबर २००० रोजी ऑलिंपिक ज्योत तिच्याच हस्ते प्रज्वलित झाली. त्या वर्षी आदिवासींची माफी मागण्यास सरकार तयार नव्हते आणि कॅथीने त्यावर उघड टीका केली होती. त्याच देशाने आता सगळी आशा तिच्यावर ठेवली होती! २५ सप्टेंबरला एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर ती धावली. शेवटच्या वळणावर जमैकाची लॉरेन ग्रॅहम आणि ब्रिटनची कॅथरीन मेरी तिच्या बरोबरीने झुंजत होत्या. सरळ रेषेत मात्र ती सुटली. वेळ ४९.११ सेकंद. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती आपल्या समाजातील पहिली. जिंकल्यावर उड्या मारण्याऐवजी ती मैदानावर खाली बसली. नंतर बूट काढून, अनवाणी, दोन्ही ध्वज एकत्र घेऊन तिने फेरी मारली.

जुलै २००३ मध्ये, तिशीत, तिने निवृत्ती घेतली. २००७ साली आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी तिने संस्था काढली. घरापासून तोडलेल्या त्या पिढ्यांची ऑस्ट्रेलियाच्या संसदेत पंतप्रधानांनी माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी. तोवर सिडनीच्या शर्यतीला सात वर्षे उलटून गेली होती.