काळ्या दगडावरची रेघ

(कुणकेश्वर येथे शालेय विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश.)



महाशिवरात्रीच्या यात्रेत श्री देव कुणकेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांच्या पावलांनी ही पुळण भरून जाते. यात्रा उलगते, भरती येते आणि सारे ठसे पुसले जातात. याच जिल्ह्यात, मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावर अज्ञात पूर्वजांनी जांभ्यात कोरलेल्या आकृती मात्र शतकानुशतके टिकून आहेत. कोरणाऱ्यांची नावे गेली, रेघ राहिली.

समाजमाध्यमांवर आपली फसगत होते ती नेमकी येथेच. आपण समजतो की आपण पुळणीवर लिहीत आहोत. प्रत्यक्षात ती काळ्या दगडावरची रेघ असते. 'स्टेटस' चोवीस तासांनी नाहीसे होते हे खरे. परंतु त्या अवधीत एकाने जरी त्याचा 'स्क्रीनशॉट' घेतला, तरी ते आपल्या हातून कायमचे सुटले. मग पुसण्याचा अधिकार आपला राहत नाही.

"पण आमचा गट तर फक्त मित्रांचा आहे," असे तुम्ही म्हणाल. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश निश्चित झालेल्या काही मुलांनाही असेच वाटले होते. फेसबुकवरील एका खासगी गटात त्यांनी अश्लील व इतरांना हिणवणारी चित्रे एकमेकांना पाठविली. ती विद्यापीठापर्यंत पोहोचली आणि 2017 साली किमान दहा जणांचा प्रवेश रद्द झाला. वर्षानुवर्षांचा अभ्यास एका थट्टेने वाया गेला. बंद दाराआडचे बोलणेही चारचौघांतच बोलत आहोत, असे समजून करावे, हा त्यातील धडा.

प्रश्न केवळ स्वतःच्या नावाचा असता, तर एवढ्यावर थांबलो असतो. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ते भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या काळात व्हॉट्सअॅपवरून हातोहात पसरली होती. ती पुढे धाडणाऱ्या प्रत्येकाला आपण गावाला सावध करीत आहोत, असेच वाटले असेल. दारी आलेल्या गोसाव्याला पसाभर धान्य घालणारी आपली रीत. तेथे न तपासलेल्या निरोपांनी त्याला वैरी ठरविले. म्हणून लक्षात ठेवा, संदेश दुसऱ्याने लिहिला असला, तरी तो पुढे पाठविणारे बोट आपले असते. आपल्या बाजूचा वाटणारा संदेश तर दुप्पट तपासावा. कारण तेथेच आपली विवेकबुद्धी झोपी जाते.

आता पालकांशी दोन शब्द. मुले आपले ऐकत नाहीत, आपल्याला पाहतात. लेकराचे गुणपत्रक, त्याचे रडतानाचे छायाचित्र, त्याच्या शाळेचे नाव हे सारे त्याला न विचारता आपणच नातेवाइकांच्या गटात टाकतो आणि मग त्याने संयम पाळावा, अशी अपेक्षा धरतो. हे न्याय्य नाही.

त्याहूनही गंभीर गोष्ट अशी. एखाद्या मुलीच्या छायाचित्रात फेरफार होतो किंवा एखाद्या मुलाने विश्वासाने पाठविलेले छायाचित्र दाखवून कोणी त्याला धमकावतो. अशा वेळी त्या मुलाला धमकावणाऱ्यापेक्षा घरच्यांची भीती अधिक वाटत असेल, तर दोष आपला आहे. अब्रू लपविल्याने वाचत नाही. पाठीशी उभे राहिल्याने वाचते. पुरावा पुसू नका, पैसे देऊ नका. 1098 ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे, 1930 हा सायबर गुन्ह्यांसाठीचा क्रमांक आहे. महिला व बालकांविषयीच्या सायबर गुन्ह्यांची तक्रार राष्ट्रीय संकेतस्थळावर नाव न सांगताही नोंदविता येते.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले. त्या निकालात न्या. संजय किशन कौल यांनी मुलांचा आवर्जून विचार केला आहे. पोरवयातील अजाण चुकांची शिक्षा आयुष्यभर भोगावी लागू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. आंतरजाल विसरत नाही. म्हणूनच माणसांनी क्षमा करायला शिकले पाहिजे.

हे एकट्या घराच्या आवाक्यातले नाही, असे वाटत असेल, तर सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव आठवा. 2022 पासून तेथे सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजू लागला आणि दीड तास दूरदर्शन संच व भ्रमणध्वनी बंद ठेवण्याचा पायंडा गावाने पाडला. कोणत्याही कायद्याने नव्हे, गावाच्या निश्चयाने. आपल्याकडे तर सांजआरतीची घंटा आहेच. त्या वेळी भ्रमणध्वनी फडताळात ठेवून घरातील सर्वांनी एकमेकांशी बोलावे. जे मूल घरी मनमोकळे बोलते, त्याला अनोळखी लोकांपुढे मन उघडे करण्याची गरज कमी भासते.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी जाल तेव्हा एकच करा. शेवटी पाठविलेले दहा संदेश आईला मोठ्याने वाचून दाखविता येतील का, हे स्वतःला विचारा. जेथे जीभ अडखळेल, तेथून सुधारणेला आरंभ करा. रेघ दगडावरच उमटणार आहे. ती कोणती ओढायची, एवढे मात्र अजून तुमच्या हाती आहे.