शस्त्रक्रियेनंतरची दहा वर्षे



मायस्थेनिया ग्रेव्हिस हे नाव आपल्याकडे अनेकांनी प्रथम ऐकले ते १९८४ मध्ये, अमिताभ बच्चन यांना हा आजार झाल्याची वार्ता आली तेव्हा. पापण्या जड होणे, एकाचे दोन दिसणे, सायंकाळी घास चावण्याचेही बळ न उरणे, ही त्याची लक्षणे. अशा शंभर रुग्णांपैकी सुमारे दहा ते पंधरा जणांच्या थायमस ग्रंथीत, म्हणजे छातीच्या मधल्या हाडामागे, गाठ आढळते. अमेरिकेत डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी १९३६ मध्ये एका तरुणीची अशी गाठ काढली आणि या शस्त्रक्रियेचा मार्ग प्रशस्त झाला.

आम्हांस बोलावयाचे आहे ते त्यापुढचे. ही गाठ बहुधा संथपणे वाढते, म्हणून परतते तीही सावकाश. कधी पाच वर्षांनी, कधी दहा वर्षे उलटल्यावर. पुष्कळदा ती फुप्फुसाच्या आवरणावर येते आणि प्रारंभी दुखतही नाही. गोळ्या कमी झाल्या, डोळे नीट उघडू लागले, एवढ्यावरून गाठ नाही असे ठरत नाही. यास्तव पहिली पाच वर्षे दरवर्षी निदान एकदा छातीचा सीटी स्कॅन आणि पुढेही दहा वर्षांपर्यंत तपासणी, असे तज्ज्ञ सांगतात. वेळीच सापडलेली गाठ अनेकदा पुन्हा काढता येते.

परंतु धारणीहून अमरावतीस यावयाचे म्हणजे घाट उतरण्यातच दिवस मोडतो. दर्यापूर, मूर्तिजापूरकडील कुटुंबे पेरणी-वेचणीत गुंतलेली. धडधाकट माणसास दवाखान्यात कशाला न्यावे, हा त्यांचा प्रश्न आम्हांस गैर वाटत नाही. म्हणून तपासणीची तारीख कपाशीची वेचणी आटोपल्यावर, अकोल्याचे ऊन तापण्यापूर्वी घ्यावी. जुन्या फिल्म व शस्त्रक्रियेचा अहवाल सोबत आणावा. तुलनेवाचून नवा स्कॅन अर्धाच बोलतो.

आम्ही वाणिज्य शाखेचे, तेव्हा हिशेबाचे बोलतो. शस्त्रक्रिया एका वर्षाच्या ताळेबंदात दिसते. देखरेखीचा खर्च दहा वर्षे थेंबाथेंबाने होतो आणि कोणाच्या नजरेत भरत नाही. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, एस.टी.च्या तिकिटावर नाही. तरीही आम्ही तेच मागत आहोत: स्कॅनचे शुल्क, प्रवासभाडे आणि न आलेल्या रुग्णास दूरध्वनी करणाऱ्या कर्मचाऱ्याचे वेतन.

आप्तांस एकच विनंती: पत्ता वा दूरध्वनी क्रमांक बदलल्यास कार्यालयास अवश्य कळवावे.