शब्दांची शिदोरी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका शिक्षकाने, बी.ए., बी.एड., केलेले भाषण)



‘भाषा कशी शिकावी’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची सूचना आहे. मी कोणी भाषापंडित नाही. शाळेत भाषा शिकवणारा एक शिक्षक आहे आणि शिकवता शिकवता स्वतःही भाषेचा विद्यार्थीच राहिलो आहे. त्या नात्याने प्रवास, शब्दसंग्रह आणि कृतज्ञता या तीन गोष्टींविषयी बोलणार आहे. वरवर पाहता या तिन्हींचा एकमेकींशी संबंध दिसत नाही. पण शब्द प्रवासातून येतो, कोणीतरी तो आपल्याला देतो आणि देणाऱ्याची आठवण ठेवली म्हणजे तो आपल्याजवळ टिकतो, असे माझे मत आहे. त्यासाठी दाखला आपल्या जुन्नरचाच घेतो.

साडेपाचशे वर्षांपूर्वी रशियातील त्वेर या शहराचा अफानासी निकितीन नावाचा एक व्यापारी माल घेऊन व्होल्गा नदीने निघाला. वाटेत आस्त्राखानजवळ त्याला लुटारूंनी गाठले. मालाबरोबर त्याची पुस्तकेही गेली. कर्ज डोक्यावर, रिकाम्या हाताने घरी कसे परतावे? मग तो बाकू, इराण असे करीत होर्मुझ बंदरात पोहोचला. तेथून एक घोडा बरोबर घेऊन तो जहाजात बसला आणि चौल बंदरात उतरला. हे साल काही अभ्यासक १४६९ मानतात, काही १४७१. चौलहून सह्याद्री चढून तो जुन्नरला आला आणि पावसाळ्याचे दोन महिने येथेच राहिला. त्या वेळी जुन्नर बहमनी राज्यात होते.

निकितीनने आपल्या प्रवासाची वही लिहून ठेवली. ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ती आज जगभर वाचली जाते. भाषेच्या विद्यार्थ्याने ती अवश्य पाहावी. त्याच्या मुलखात पावसाळा नावाचा ऋतूच नाही, म्हणून आपल्या पावसाळ्याला तो चक्क हिवाळा म्हणतो. चिखल, पाणी आणि त्यातच चाललेली नांगरणी-पेरणी यांचे वर्णन करतो. तांदूळ लिहायचा तर तुर्की भाषेतला ‘तुतुर्गन’ हा शब्द लिहितो. हरभऱ्याला ‘नोगुत’ म्हणतो, हा फारसी ‘नखूद’चा अवतार. घोड्यांना साखर-तूप घालून काय शिजवून देतात, ते सांगताना त्याने लिहिलेला शब्द आहे ‘किचिरिस’. म्हणजे आपली खिचडी! ज्या वस्तूला स्वतःच्या भाषेत नाव नाही, तिचे नाव त्याने त्या त्या लोकांकडून घेतले आणि रशियन अक्षरांत टिपून ठेवले. जवळ पुस्तक नाही, शब्दकोश नाही. माणसे हाच त्याचा शब्दकोश.

या वहीत जुन्नरची एक घटना आहे. येथील अंमलदार असद खान याने निकितीनचा घोडा काढून घेतला. हा मुसलमान नाही, रशियन आहे, असे कळल्यावर त्याने सांगितले की, धर्म बदललास तर घोडा परत देईन आणि वर एक हजार सोन्याची नाणी देईन; नाही तर घोडाही जाईल आणि तेवढीच नाणी दंड म्हणून घेईन. चार दिवसांची मुदत दिली. परका मुलूख, ओळखीचे कोणी नाही. तेवढ्यात खुरासानचा एक मुसलमान गृहस्थ, खोजा महंमद, गावात आला. निकितीनने त्याच्याजवळ गाऱ्हाणे मांडले. तो गृहस्थ घोड्यावर बसून खानाकडे गेला, त्याने निकितीनसाठी शब्द टाकला, त्याची सक्तीतून सुटका केली आणि घोडाही परत मिळवून दिला.

मित्रहो, ही गोष्ट आपण झाकून ठेवण्याचे कारण नाही. सत्तेच्या जोरावर धर्म लादू पाहणारा जसा आपल्या गावात होता, तसा परक्या धर्माच्या माणसासाठी सत्तेपुढे शब्द टाकणाराही होता, आणि तोही मुसलमानच होता. दीनच्या बाबतीत जबरदस्ती नाही, ही आपली शिकवण कोणाच्या वागण्यात उतरली, हे वेगळे सांगायला नको. निकितीनने दोघांचीही नोंद केली. खोजा महंमदाचे नाव, त्याचा मुलूख, घटनेचा दिवस, सारे लिहिले. दगा देणारे लक्षात राहतातच; मदत करणाऱ्याचे नावही तितक्याच काळजीने लिहून ठेवावे लागते. त्याने ते लिहिले नसते, तर त्या भल्या माणसाचे हे काम आपल्याला कळलेही नसते.

भाषेच्या दृष्टीनेही येथे एक धडा आहे. गाऱ्हाणे मांडायला शब्द लागतात. तुर्की-फारसीमिश्रित बाजारभाषा निकितीनला येत होती, हे त्याच्या वहीवरून दिसते. ती येत नसती, तर दारात आलेला मदतगारही उपयोगी पडला नसता. जुन्नरहून तो बीदरला गेला. तेथे बहमनी वजीर महमूद गवान याने बांधलेला मदरसा १४७२ सालचा. त्याची भव्य इमारत आजही उभी आहे. निकितीन परत जाताना स्मोलेन्स्कजवळ वारला, घरी पोहोचलाच नाही. त्याची वही मात्र पोहोचली. मातृभूमीसाठी त्याने त्या वहीत लिहिलेली प्रार्थना तुर्कीत आहे आणि शेवटची प्रार्थना अरबीत आहे. माणूस ख्रिस्तीच राहिला, पण ज्यांच्यात वावरला त्यांचे शब्द त्याच्या ओठांवर बसले.

परक्याने येथे यावे आणि येथला होऊन जावे, ही जुन्नरची फार जुनी रीत आहे. नाणेघाटातून कोकणचा व्यापार चालत असे, हे आपण जाणताच. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेख आहेत. त्यांत यवनांनी, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परकीयांनी, दिलेल्या दानाची नोंद आहे. इरिल नावाच्या एका यवनाने पाण्याच्या दोन टाक्यांचे दान दिले. त्याने आपल्या भाषेत काही कोरले नाही. टाक्याला येथले लोक ‘पोढी’ म्हणत, म्हणून त्यानेही तोच शब्द कोरवला. ज्या गावाचे पाणी प्यायलो, त्या गावाला पाणी द्यावे आणि तेही त्याच गावाच्या शब्दांत! कृतज्ञतेचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

आता आपल्या बोलण्यातल्या शब्दांकडे येऊ. मराठी आणि उर्दू यांना पुष्कळ लोक दोन टोकांच्या भाषा समजतात. प्रत्यक्षात शेतकऱ्याचा ‘हंगाम’ फारसी आहे, ‘खरीप’ आणि ‘रब्बी’ अरबी आहेत. शेताची ‘मशागत’ म्हणजे अरबीतली ‘मशक्कत’, कष्ट. शाळेतले ‘हजर’, ‘गैरहजर’, ‘दप्तर’, ‘कागद’, ‘शाई’ हे सगळे त्याच वाटेने आले. मंचरच्या बाजारातला ‘हमाल’ अरबी. ज्या ‘बटाट्या’साठी मंचरचे नाव आहे, तो शब्द पोर्तुगीजांनी आणला; मुळात कॅरिबियन बेटांवरचे लोक रताळ्याला तसे म्हणत. नारायणगावचा ‘टोमॅटो’ तर मेक्सिकोतल्या लोकांच्या भाषेतून निघालेला. आपण एक वाक्य बोलतो, तेव्हा किती मुलखांचे देणे आपल्या तोंडात असते, याचा विचार करा.

मात्र शब्द प्रवासात आपला अर्थही बदलतात आणि येथेच आपल्या मुलांची गल्लत होते. घरात ‘शिकस्त’ म्हणजे हार. मराठीच्या पुस्तकात ‘प्रयत्नांची शिकस्त’ म्हणजे प्रयत्नांची पराकाष्ठा. घरात ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. गावात तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा आणि नाटकाचा सराव. उर्दूत ‘राजीनामा’ म्हणजे दोन्ही पक्षांच्या राजीखुशीचा लेख. मराठीत राजीनामा दिला म्हणजे नोकरी सोडली. सर्वांत जपून राहण्यासारखा शब्द ‘हरकत’. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल. पण तलाठी कार्यालयाच्या नोटिशीत ‘हरकत असल्यास मुदतीत कळवावे’ असे असते, तेथे हरकत म्हणजे आक्षेप. वारसनोंदीच्या वेळी हा एक शब्द कळला नाही आणि मुदत निघून गेली, तर घरच्या जमिनीच्या हक्काला बाध येऊ शकतो. शब्द शिकणे हे केवळ परीक्षेतल्या गुणांसाठी नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

काही पालक विचारतात, “सर, घरात उर्दू बोलणे बंद केले तर पोराचे मराठी सुधारेल का?” काही उलट म्हणतात, “मराठीत जास्त गुंतला तर आपली जबान विसरेल.” माझे दोघांनाही नम्रपणे सांगणे आहे की, एक भाषा दुसरीची जागा खात नाही. ज्या मुलाला ‘हरकत’चे दोन्ही अर्थ ठाऊक आहेत, तो एक अर्थ जाणणाऱ्याच्या पुढे आहे. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत रचला. १९२५ साली माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला. मोल्सवर्थ हा इंग्रज लष्करी अधिकारी. त्याने येथील पंडितांना हाताशी धरून मराठी-इंग्रजी कोश केला, तो १८३१ साली निघाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. कोणता शब्द अरबी, कोणता फारसी, कोणता संस्कृत, हे त्यात खुणेने दाखवलेले आहे. ही सारी माणसे दुसऱ्याच्या अंगणात गेली आणि भरल्या हातांनी परतली. त्यांची स्वतःची भाषा काही गरीब झाली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे तुमच्यासाठी. शब्द वाढवायचे तर काय करावे?

पहिली गोष्ट, एक लहान वही खिशात ठेवा. नवा शब्द लिहा, पण नुसता अर्थ लिहू नका. ज्या वाक्यात तो ऐकला ते वाक्य, ज्या गावी ऐकला ते गाव आणि ज्याने सांगितला त्याचे नाव लिहा. नुसता पाठ केलेला शब्द परीक्षेनंतर जातो. माणसाच्या आठवणीला बांधलेला शब्द जात नाही.

दुसरी गोष्ट, शब्दाचे खानदान शोधा. ‘जमा’, ‘जमात’, ‘जुमा’, ‘मजमुआ’ हे एकाच अरबी धातूचे, गोळा होणे या अर्थाचे, भाऊबंद आहेत. ‘हुकूम’, ‘हाकीम’, ‘हुकूमत’ यांचेही तसेच. एक सापडला की बाकीचे त्याचे बोट धरून येतात.

तिसरी गोष्ट, प्रवास करा. प्रवासाला रशिया-इराण कशाला हवे? जुन्नरहून घोडेगावला जाणारी एस.टी. पुरे आहे. बसमध्ये ‘वाहक’ आणि ‘चालक’ वाचा, लोक ‘कंडक्टर’ आणि ‘ड्रायव्हर’ म्हणतात ते ऐका. वडिलांबरोबर बाजार समितीत गेलात तर ‘आडत’ म्हणजे काय, ‘पट्टी’ कशी वाचतात, हे आडत्यालाच विचारा. वर्गात भीमाशंकरकडचा मुलगा असेल तर त्याच्याकडून ‘बाळहिरडा’ समजून घ्या. आजीच्या दखनीतले जे शब्द कोणत्याही कोशात नाहीत, ते तिच्याकडून आजच लिहून घ्या. आंबेगावचे जुने गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, नाव मात्र तालुक्यात राहिले. ते लोकांच्या तोंडी आणि सरकारी दप्तरात होते, म्हणून राहिले. आजीचे शब्द दप्तरात नाहीत, ते तुमच्या वहीतच राहतील.

चौथी आणि शेवटची गोष्ट, विचारायला लाजू नका आणि सांगणाऱ्याचे आभार मानायला विसरू नका. आपल्याकडे उठल्यासुटल्या ‘थँक्यू’ म्हणण्याची चाल नव्हती. म्हातारी माणसे ‘अल्लाह भला करे’ म्हणत, शेजारी ‘लई उपकार झाले’ म्हणत. शब्द कोणताही वापरा, पण हमालाने एक शब्द शिकवला तर तेवढ्यापुरता तो आपला उस्ताद आहे, ही जाणीव ठेवा. ज्याला ही जाणीव आहे, त्याला शिकवायला लोक पुढे येतात. ज्याला नाही, त्याच्यापुढे कोश उघडा असला तरी त्याचा हात रिकामाच राहतो.

पालकांना एकच विनंती करून थांबतो. मुलगा असो वा मुलगी, नवा शब्द विचारत घरी आली तर “आता नको, काम आहे,” म्हणून परत पाठवू नका. तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा, नसेल तर दोघे मिळून विचारायला निघा. आणि मुलींच्या वह्या दहावीनंतर मिटू देऊ नका. सातबारा वाचणारी, अर्ज लिहिणारी, नोटिशीतली ‘हरकत’ समजणारी मुलगी ज्या घरात आहे, त्या घराला दुसऱ्याचे दार ठोठवावे लागत नाही. उलट तीच उद्या कोणासाठी तरी शब्द टाकायला उभी राहील.