कोश : समाजाने स्वाक्षरी केलेले ज्ञान

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मार्च २०१२ मध्ये एक बातमी जगभरच्या वृत्तपत्रांनी ठळकपणे छापली. १७६८ मध्ये एडिंबरा येथे प्रारंभ झालेल्या ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ने यापुढे छापील आवृत्ती न काढण्याचे जाहीर केले. २४४ वर्षांची परंपरा थांबली. ३२ खंडांच्या २०१० च्या अखेरच्या आवृत्तीचे केवळ १२ हजार संच छापण्यात आले होते आणि त्यांतलेही सुमारे ४ हजार गोदामात पडून होते. १९९० मध्ये एकट्या अमेरिकेत वर्षभरात १ लाख २० हजार संच विकले गेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे घसरण किती मोठी होती ते समजते.

परंतु बातमीचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. घोषणा होताच पडून राहिलेल्या संचांना मागणी आली आणि अल्पावधीत ते जवळजवळ संपले. एका संचाची किंमत होती १,३९५ डॉलर. तीच माहिती संगणकाच्या पडद्यावर कितीतरी स्वस्तात मिळत असताना लोकांनी हे ओझे घरी का नेले? केवळ स्मरणरंजन, असे उत्तर देऊन हा प्रश्न सुटत नाही. ज्या समाजाने गेल्या शंभर वर्षांत अपार कष्टांनी स्वतःचे कोश उभे केले, त्या मराठी समाजाने तर या प्रश्नाचा गांभीर्याने विचार केला पाहिजे.

परंपरा जुनी आहे

कोश ही वस्तू आपल्याकडे पश्चिमेकडून आलेली नाही. अमरसिंहाचा अमरकोश शतकानुशतके विद्यार्थ्यांच्या जिभेवर होता. त्याची रचना वर्णानुक्रमाने नसून विषयवार वर्गांची आहे. शब्द पाठ करता करता मुलाच्या मनात स्वर्ग, भूमी, नगर, वनौषधी, मनुष्य असा सृष्टीचा एक नकाशाच उमटत असे.

छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथ पंडितांकडे राज्यव्यवहारकोशाचे काम सोपवले. कारभारात रूढ झालेल्या सुमारे १,४०० फारसी आणि दक्षिणी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय देण्यात आले. दुर्ग, आरमार, नाणी यांच्याबरोबरच राज्याला कोशही लागतो, हे त्या द्रष्ट्या राजाने ओळखले होते. कारण आपल्या व्यवहाराला आपले शब्द देणे हा स्वराज्याचाच एक भाग होता.

एका माणसाचा संकल्प

आधुनिक काळात ही ज्योत पुन्हा पेटवली ती डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी. १८८४ मध्ये रायपूर येथे जन्मलेल्या या वऱ्हाडी तरुणाने अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिक्षण घेतले, डॉक्टरेट मिळवली आणि हिंदुस्थानातील जातिसंस्थेवर ग्रंथ लिहिला. मायदेशी परतल्यावर विद्यापीठीय प्राध्यापकीचा सरळ मार्ग त्यांच्यासमोर होता. त्यांनी निवडला तो मात्र मराठीत संपूर्ण ज्ञानकोश रचण्याचा मार्ग.

त्यामागे सरकारचे अनुदान नव्हते, संस्थानिकाची तिजोरी नव्हती. १९१६ मध्ये नागपूर येथे ‘ज्ञानकोश मंडळ’ नावाची मर्यादित कंपनी स्थापन झाली. सामान्य मध्यमवर्गीयांना भाग विकायचे, आगाऊ वर्गणीदार मिळवायचे आणि त्या भांडवलावर ग्रंथ रचून छापायचे, अशी ही योजना होती. पुढे काम पुण्यात आले. संपादक विद्वानही आणि व्यवस्थापकही! सकाळी वेदकालीन समाजावरचा मजकूर तपासायचा आणि त्याच दिवशी कागदाच्या बिलाचीही विवंचना करायची. हा सारा इतिहास त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात नमूद करून ठेवला आहे. स्वतःच्या उद्योगाचा जमाखर्च समाजापुढे मांडणारा असा संपादक विरळा.

१९२० पासून खंड निघू लागले आणि त्या दशकात सूची व पुरवणी धरून २३ खंडांचे हे कार्य सिद्धीस गेले. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. पहिले पाच खंड प्रस्तावनेचे आहेत : ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ आणि ‘विज्ञानेतिहास’. त्यानंतर सहाव्या खंडापासून ‘अ’ सुरू होतो. ब्रिटानिकाचा वाचक थेट पहिल्या अक्षराशी येऊन उभा राहतो. केतकरांचा वाचक मात्र आधी आपण जगात कोठे उभे आहोत हे समजून घेतो आणि मग सुट्या माहितीकडे वळतो. जगाचे ज्ञान घ्यायचे, पण ते आपल्या भूमीवर उभे राहून आणि आपल्या डोळ्यांनी पाहून, ही दृष्टी या अनुक्रमातूनच व्यक्त होते. परक्याच्या कोशाचे भाषांतर करून हे साधले नसते.

या कार्यात त्यांच्या पत्नी शीलवतीबाई यांचेही स्मरण केले पाहिजे. जन्माने त्या जर्मन ज्यू, पूर्वाश्रमीच्या ईडिथ कोह्न. व्रात्यस्तोम विधीने त्या हिंदू झाल्या. विंटरनिट्झ यांच्या भारतीय साहित्याच्या जर्मन इतिहासाचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर कोलकाता विद्यापीठाने प्रसिद्ध केले आणि देशोदेशींच्या अभ्यासकांनी ते वापरले.

१९३७ मध्ये, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी, आर्थिक ओढगस्तीतच केतकरांचे निधन झाले. समाजाने त्यांना ‘ज्ञानकोशकार’ ही पदवी दिली. ती देणाऱ्या समाजाने त्यांचे खंड मात्र जपले का, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या वाचनालयात जाऊन पाहावे.

शब्दांचे वतन

एक मोठा कोश अनेक कोशकार घडवतो. ज्ञानकोशाच्या कामात तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते यांनी चिंतामण गणेश कर्वे यांच्यासह ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हाती घेतला. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात खंड निघाले आणि १९५० मध्ये पुरवणी आली. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश १९३२, १९३७ आणि १९४६ मध्ये वाचकांच्या हाती दिले.

दाते-कर्वे यांचा कोश उघडला की शब्दापुढे कंसात बारीक खुणा दिसतात. हा शब्द राजापूरकडचा, हा कुडाळचा, हा गोव्याचा, हा वऱ्हाडचा. संतवाङ्मय, बखरी, जुने कागदपत्र आणि खेड्यापाड्यांतील बोली यांना तेथे एकाच पंक्तीत मान आहे. त्याआधी शंभर वर्षे, १८३१ मध्ये, मोल्सवर्थ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मराठी शास्त्रीपंडितांच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला होता. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यातील शब्द सुमारे ६० हजारांवर गेले. राज्य करणाऱ्यांची गरज हा त्या कोशाचा हेतू होता हे खरे. परंतु १९७५ मध्ये पुण्यात त्याचे पुनर्मुद्रण झाले ते मराठी माणसाच्या गरजेसाठी.

ही गरज कोणती? विहिरीवरची मोट आता दिसत नाही. मोट गेली, तिच्याबरोबर तिचा नाडा गेला, सोंदूर गेला, बैलांच्या येण्याजाण्याची धाव गेली, पाणी पडण्याचे थारोळे गेले. शहरात वाढलेल्या मुलाला जुन्या कवितेतील किंवा ग्रामीण कथेतील हे शब्द अडतात. आजोबा असतील तर ते सांगतील. आजोबा नसतील तेव्हा कोश सांगतो. एखादे अवजार नाहीसे झाले तरी त्यामागची कारागिरी, श्रम आणि जीवनपद्धती शब्दाच्या रूपाने तेथे शाबूत राहते.

आंबेड्यापासून वाईपर्यंत

गोव्याच्या सत्तरी भागातील आंबेडे गावचे महादेवशास्त्री जोशी यांचे शिक्षण झाले ते सांगलीच्या पाठशाळेत. कथाकार म्हणून त्यांनी कीर्ती मिळवली. त्यांच्या पत्नी सुधाताई यांनी गोवामुक्तीच्या सत्याग्रहात पोर्तुगीजांचा कारावास भोगला. गोवा मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मध्ये. त्यानंतरच्याच वर्षी महादेवशास्त्रींच्या ‘भारतीय संस्कृतिकोशा’चा पहिला खंड आला. १९७९ पर्यंत दहा खंड पूर्ण झाले. त्यासाठी शास्त्रीबुवांनी भारतभर प्रवास केला. क्षेत्रे, व्रते, लोकदेवता, जमाती, नृत्ये, संप्रदाय अशी विविध प्रांतांची माहिती त्यांनी मराठी घरात आणून ठेवली. आसामचा बिहू आणि केरळचा ओणम आपलाच आहे, ही जाणीव असे ग्रंथ शांतपणे रुजवतात.

राज्यनिर्मितीनंतर शासनानेही ही जबाबदारी उचलली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली कृष्णाकाठच्या वाईत मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. १९७३ मध्ये परिभाषा खंड, १९७६ मध्ये पहिला खंड आणि २०१५ मध्ये विसाव्या खंडाचा अखेरचा भाग! तर्कतीर्थ स्वतः १९९४ मध्ये निवर्तले. आपण आरंभलेले काम आपल्या डोळ्यांदेखत पूर्ण होणार नाही हे ठाऊक असूनही ते तितक्याच काटेकोरपणे करीत राहणे, ही वृत्ती कोशकार्याने महाराष्ट्राला दाखवली.

जुने म्हणजे टाकाऊ?

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. जुन्या कोशातील माहिती शिळी झालेली असते. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथील संस्कृतीचा शोध मार्शल यांनी जाहीर केला तो १९२४ मध्ये. त्याआधी छापलेल्या पानांत ती संस्कृती असणार कशी? विश्वकोशाचे ‘अ’ आणि ‘ज्ञ’ यांच्यात चार दशकांचे अंतर आहे. त्यामुळे आरंभीच्या नोंदी अखेरचा खंड येण्यापूर्वीच जुन्या झाल्या. आजच्या औषधाची मात्रा किंवा आजची लोकसंख्या कोणीही जुन्या कोशात पाहू नये.

तथापि याच दोषात एक गुणही दडलेला आहे. प्लूटोचा शोध १९३० चा, म्हणून १९२० च्या दशकातील कोशात तो नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कोश नऊ ग्रह सांगतात. २००६ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी व्याख्या बदलली आणि ग्रह पुन्हा आठ झाले. तीन काळांतील तीन कोश शेजारी ठेवले म्हणजे विज्ञान पुढे कसे जाते हे मुलाला एका संध्याकाळी समजते. पडद्यावर नवे उत्तर येते तेव्हा जुने सहसा पुसले जाते. छापील पान मात्र साक्षीदारासारखे उभे असते. त्याला आपली साक्ष फिरवता येत नाही.

उत्तरदायित्वाचा प्रश्न

जुन्या कोशांच्या आकर्षणाचे मर्म येथेच आहे. १९१०-११ मध्ये निघालेल्या ब्रिटानिकाच्या अकराव्या आवृत्तीत प्रमुख लेखांखाली लेखकांची आद्याक्षरे आहेत. केतकरांच्या प्रत्येक खंडावर केतकरांचे नाव आहे. चूक झाली तर टीका कोणावर करायची हे वाचकाला ठाऊक होते आणि ती टीका सोसण्याची संपादकाची तयारी होती. आज प्रश्न विचारताच क्षणात उत्तर मिळते, आणि आता तर यंत्रच सफाईदार परिच्छेद रचून देते. ही सोय मोठी आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. केतकरांचा ज्ञानकोश आणि मराठी विश्वकोश महाजालावर उपलब्ध झाले, हे तर स्वागतार्हच आहे. परंतु जे उत्तर हाती आले ते कोणी दिले, कोणत्या आधारावर दिले आणि ते चुकले तर जबाबदार कोण, हे प्रश्न विचारण्याची सवय सुटली, तर माहितीच्या पुरात समाज अज्ञानीच राहील. ही सवय लावणारी शाळा म्हणजे कोशाचे कपाट.

आणखी एक गोष्ट. पडद्यावर आपण विचारू तेवढेच बहुधा मिळते. कोशात एक शब्द शोधताना शेजारचे चार शब्द भेटतात. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सापडण्याचा तो आनंद ज्याने घेतला, तो जन्मभर विद्यार्थी राहतो.

आपण काय करावे?

सज्जनहो, हे संच आज रद्दीच्या वाटेवर आहेत. घरे लहान झाली, वाचनालयांतील जागा अपुरी पडू लागली, वडिलांच्या पश्चात २३ खंड कोठे ठेवायचे हा मुलांसमोरचा प्रश्नही खोटा नाही. म्हणूनच काही साधे संकल्प करता येतील. घरातील कोशाचा संच विकण्यापूर्वी गावातील शाळेला किंवा वाचनालयाला विचारावे. वाचनालयांनी अपूर्ण संचांची यादी करावी आणि परस्परांत देवघेव करून निदान तालुक्यात एक तरी संच पूर्ण करावा. जीर्ण खंडांची बांधणी करण्याचा खर्च एखाद्या कुटुंबाने आईवडिलांच्या स्मरणार्थ उचलावा. आणि आठवड्यातून एकदा तरी, घरात एखाद्या शब्दावरून वाद झाला की भ्रमणध्वनी बाजूला ठेवून सर्वांनी मिळून कोश उघडावा.

केतकरांच्या कंपनीचे भाग घेणारे आणि आगाऊ वर्गणी भरणारे बहुसंख्य लोक आपल्यासारखेच बेताच्या मिळकतीचे होते. न छापलेल्या ग्रंथावर त्यांनी विश्वास ठेवला आणि पदरचे पैसे दिले. छापून तयार असलेले ग्रंथ सांभाळण्याइतका विश्वास तरी आपण दाखवावा, एवढीच अपेक्षा.